डालग्याखालची बैठक

अतिशय मगदूम नेमकं काय बनवतो हे पलूसमध्ये कुणालाच धड सांगता यायचं नाही, आणि त्यात स्वतः अतिशयही आला. सुतार म्हणावं, तर तो भिंती घालायचा. गवंडी म्हणावं, तर त्याच्या भिंतीला मध्येच मांडी फुटायची, पाठ यायची, कोपर टेकायला हात यायचा, आणि पुढे जाऊन तीच भिंत जिना होऊन माडीवर चढायची. मूर्तिकार म्हणावं, तर मूर्तीवर कुणी भाजीची पिशवी ठेवत नाही. याच्या कामावर लोक पहिल्याच दिवशी ठेवायचे. अहमदाबादच्या ज्या संस्थेत तो शिकला तिथे या प्रकाराला लांबलचक नाव होतं. गावात एखाद्या पाहुण्यानं विचारलंच, तर त्याचे वडील जवाहरअण्णा तेवढ्याच गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "बसायचं बनवतो."

ते चूकही नव्हतं. अतिशयचं म्हणणं असं, की आपल्याकडच्या कट्ट्याला कुणी खुर्ची म्हणत नाही, भिंत म्हणत नाही, शिल्प तर नाहीच नाही. तरी गावचा निम्मा कारभार त्याच्यावरच चालतो. आपण फक्त तो कट्टा एकेका माणसाच्या अंगाला बसवायचा.

अंगाला बसवायची त्याची रीत होती. गिऱ्हाइकाला तो कारखान्यात बोलवायचा. कारखाना म्हणजे अण्णांचं जुनं बेदाण्याचं शेड. द्राक्षं वाळवायच्या जाळ्या निम्म्या काढलेल्या, निम्म्या तशाच; ऊन तापलं की गंधकाचा आणि आंबूस गोड वास अजून खांबांतून यायचा. मधोमध दिवाणाएवढी लाकडी पेटी. तिच्यात ओतकामाची काळी ओली रेती, आणि वर शंखजिऱ्याच्या भुकटीचा पांढरा थर. याकूब शेख पूर्वी ओतकारखान्यात साचे करायचा. तो मैद्याच्या चाळणीनं हा थर इतका एकसारखा धरायचा की मुंगी चालून गेली तरी माग दिसावा. गिऱ्हाइकानं त्यावर बसायचं, आपल्या घरी बसतो तसं, आणि मागची बाजू पांढरी करून उठायचं. उमटलेल्या खळग्यात प्लास्टर ओतलं की त्या माणसाचं बसणं हातात यायचं. याला ते लोक बैठक घेणं म्हणत.

थर धरून झाला आणि गिऱ्हाईक चहात रमलेलं असलं, की मांजरानं नासवू नये म्हणून याकूब पेटीवर कोंबड्या झाकायचं मोठं डालगं पालथं घालायचा. थंडीत रेतीला घाम सुटतो, म्हणून आत एक पिवळा बल्ब सोडायचा. डालग्याच्या विणीतून उजेडाच्या बारीक रेघा शेडभर पडायच्या. फोटोत ते फार छान दिसायचं.

फोटो प्राचीनं काढलेले. प्राची अतिशयची बायको. सांगलीची, स्थापत्य शाखेची इंजिनिअर. त्यानं कल्पना काढायची आणि ती कुणाच्या अंगावर पडू नये एवढं हिनं बघायचं, अशी वाटणी होती. घरात ती त्याला नावानं हाक मारायची, गिऱ्हाइकासमोर "अहो" म्हणायची. "अहो" ऐकलं की गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं, हे तिला अण्णांनी शिकवलं होतं.

अण्णा सांगलीच्या बाजारात बेदाण्याचे अडते. जुन्या रीतीनं, रुमालाखाली बोटं दाबून सौदे केलेला माणूस. अर्धांगवायूच्या झटक्यानं डावी बाजू गेली आणि तेव्हापासून ते सोप्यावरच्या बैठकीतच दिवस काढत. अतिशयनं बनवलेली ती पहिली बैठक. सोप्याची भिंतच पुढे येऊन त्यांच्या पाठीमागे वळली होती. डावीकडे निर्जीव हात ठेवायला उंच कठडा, उजवीकडे पेल्याला खोबण. वर गेरूच्या रंगाचा घोटीव कोबा. तिच्यात बसले की अण्णा आजारी दिसत नसत, सभापती दिसत. तिचा फोटो एका मासिकात आला आणि लांबलांबची माणसं दारात गाड्या लावू लागली. "पोराचं दुकान बापाच्या न उठण्यावर चाललंय," असं अण्णाच म्हणायचे आणि अर्ध्या तोंडानं हसायचे.

गिऱ्हाईक आलं की प्राची त्यांच्या उजव्या अंगाला बसून त्यांच्या मांडीवरच्या पंचाखाली हात घालायची. एक बोट दाबलं, म्हणजे नुसता बघायला आलाय. दोन, म्हणजे घासेल पण घेईल. मूठ, म्हणजे सौदा पक्का. अण्णांची उजवी करंगळी लहानपणी खोक्यात सापडून आत वाकलेली होती. तिचं टोक तळव्यात रुतलं की प्राचीला हसू आवरायचं नाही. लग्न होऊन या घरात आल्यावर तिला पहिल्यांदा हसवलं ते याच करंगळीनं. मुलगी म्हणून तिला कुणी वाढवलं असेल ते असो. माणसं वाचायला शिकवलं ते अण्णांनी.

वडूजच्या लालासाहेबांना बघून अण्णांनी मूठ दाबली होती.

लालासाहेब खटावच्या माळावर खुदाईची कंत्राटं घेऊन वर आलेले. अंगात कडक पांढरा शर्ट, हातात तीन अंगठ्या, पण चपला काढताना दारातल्या सगळ्यांच्याच ओळीत लावून ठेवल्या. नव्या बंगल्याला त्यांना एकच कट्टा हवा होता: फाटकापासून निघून, ओसरीवरून वळून, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाणारा, आणि त्यात घरातल्या प्रत्येकाची आपापली बैठक. सगळं घर गाडीत घालून आणलं होतं. एकेक जण पेटीत बसून गेला. लालासाहेबांनी बसताना पोट आत ओढलं, ते थरातही तसंच आलं. आता त्या घरात त्यांना जन्मभर पोट आत घेऊनच बसावं लागणार, हे प्राचीच्या ध्यानात आलं. पण बोलायचं काम नवऱ्याचं होतं आणि तो खळग्याच्या कडेवरून बोट फिरवण्यात गुंग होता.

राहिल्या त्यांच्या आई, तानुबाई. याकूबनं त्यांच्यासाठी नवा थर धरला, डालगं घातलं, बल्ब सोडला. प्राची त्यांना हात धरून आणत होती. तानुबाई दारातच थांबल्या.

"कुणाचं घातलंय?"

प्राचीला प्रश्न कळला नाही. "तुमचंच आहे, आजी. या ना, बसा."

"माझं? मी अजून जित्ती हाय की."

लालासाहेब ओशाळून हसले. "आवं आई, ते आपल्यातलं न्हवं. त्यांच्या कामाची पद्धत हाय ती." मग प्राचीला म्हणाले, "आमच्यात माणूस गेलं की जीव गेल्याल्या जागी पीठ पसरत्यात, म्याडम. शेजारी दिवा, वर डालगं. सकाळी उचलून बघायचं कशाचा पाय उमटलाय. मुंगीचा म्हणा, पाखराचा म्हणा. म्हंजे पुढचा जन्म कळतुया."

"किती छान," अतिशय म्हणाला. त्याला खरोखर छान वाटलं होतं.

"इथे कुणी गेलं नाही, आजी," प्राची म्हणाली. "रिकामं आहे ते."

"रिकामं घालत न्हाईत, बाई. घातलं म्हंजे कुणाचं तरी असतंय." तानुबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. "आन दुसऱ्याच्यात मी बसू व्हय? लाला, मी गाडीत बसती."

त्या गेल्या. बाकीच्यांनी सोप्यावर चहा घेतला, अण्णांच्या बैठकीवरून हात फिरवून बघितला, आणि माणसं निघाली. मगदुमांच्यात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, म्हणून प्राची पानं घ्यायला वळली. तेवढ्यात अतिशयनं शेडमधून हाक मारली.

त्यानं डालगं उचललं होतं. थरात बैठक उमटलेली होती.

"बसली की म्हातारी," तो म्हणाला. "आपण चहात होतो तेव्हा गुपचूप येऊन बसली. आणि काय बसलीय बघ."

प्राचीनं बघितलं. एरवी माणसं पेटीत बसतात ती फोटोला बसल्यासारखी. हे तसं नव्हतं. कुणाला दाखवायला न बसलेल्या माणसाचं बसणं होतं. पुढची कड मागच्यापेक्षा खोल गेलेली, आणि उजव्या बाजूला एका तळव्याचा दाब.

"डालगं मी घातलं तसंच होतं," याकूब म्हणाला. "वायरबी हलल्याली न्हाई."

"तिनं परत घातलं असेल."

"असंल," याकूब म्हणाला आणि चाळणी झटकू लागला.

"फोन करून विचारूया का?" प्राचीनं विचारलं.

"कशाला? एवढी चोरून बसली. उगाच अवघडल्यासारखं होईल तिला."

न विचारायला हे कारण पुरेसं चांगलं होतं. तेव्हा तरी वाटलं.

वास्तुशांतीच्या आधी अतिशय आणि प्राची बैठका बघायला वडूजला गेले. विटा सोडून मायणीकडे लागलं की ऊस मागे पडतो, झाडं बुटकी होत जातात आणि माळ उघडा पडतो. लालासाहेबांचा कट्टा त्या उघड्या माळात एखादं जनावर लांब होऊन पहुडल्यासारखा दिसत होता. घरची मंडळी आपापल्या बैठकीत बसून मोबाइलवर फोटो काढत होती. फाटकाकडे तोंड केलेली शेवटची बैठक तानुबाईंची. सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा त्या टेकल्या आणि लगेच उठल्या.

"ह्यात बसता येत न्हाई. ढकलतंय."

"आई, नीट मागं रेला की."

"तू रेल."

लालासाहेब बसले आणि पुढे झुकून उभे राहिले. "व्हय की गा," ते स्वतःशीच म्हणाले.

"तुम्ही त्या दिवशी बसला होता ना, आजी? आमच्याकडे, पेटीत?" प्राचीनं विचारलं.

तानुबाई कट्ट्यापासून दोन पावलं मागे सरकल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "मी गाडीतनं खाली पाय ठिवला न्हाई. डायव्हरला इचार."

प्राची त्या बैठकीत बसली. भार कुठून कुठे उतरतो हे बघण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. तिला समजायला वेळ लागला नाही. डावीकडे काहीच नव्हतं, डावा अर्धा नुसता टांगलेला होता. सगळा भार उजव्या मांडीवर आणि पुढच्या कडेवर होता. हे बसणं नव्हतंच. हे उठणं होतं. तिचा उजवा हात आपसूक बाजूच्या खोबणीत गेला, आणि करंगळीच्या जागी कोबा आत वळलेला लागला.

परतताना मायणीच्या पुढे तिनं विचारलं, "तुला कधी कळलं?"

अतिशय गाडी चालवत राहिला. "प्लास्टर निघालं तेव्हा. अण्णांची करंगळी दिसली."

"आणि तरी बसवलीस ती? दुसऱ्याच्या घरात?"

"मोडवेना, प्राची." गिअर बदलून तो म्हणाला, "आणि एवढीच नाही."

शेडच्या मागच्या अंगाला, न काढलेल्या जाळ्यांवर, जिथे पूर्वी द्राक्षं वाळायची, तिथे प्लास्टरचे ठसे मांडलेले होते. तो दर दुपारी पेटीत थर धरत होता, याकूब जेवायला गेला की. डालगं घालायचा, बल्ब सोडायचा आणि बाहेर जाऊन बसायचा. सोप्यावर अण्णा समोर दिसत असत, जागच्या जागी. परत येऊन डालगं उचललं की ठसा तयार. प्राची ओळीनं बघत गेली. पहिल्या ठशात मांड्या पूर्ण टेकलेल्या होत्या. पुढच्यात जरा कमी. त्याच्या पुढच्यात आणखी कमी. तळवा मात्र खोल खोल जात होता.

"उठतायत ते," अतिशय म्हणाला. इतक्या दिवसांत तिनं त्याला असं आनंदी बघितलं नव्हतं.

"ती बाई काय म्हणाली ते ऐकलंस ना तू? ते मेलेल्या माणसासाठी घालतात."

"ते त्यांच्यात. आपल्यात कुठं असतंय ते?"

 अमुक गोष्ट आपल्यात नसते, एवढं म्हटलं की आपल्याकडे ती संपते. प्राचीलाही तो युक्तिवाद हवाच होता. कारण अण्णांच्या डाव्या हाताची बोटं त्याच आठवड्यात हलली होती.

व्यायाम करून घ्यायला मिस्बाह यायची, याकूबची मुलगी. मिरजेला फिजिओथेरपी शिकलेली, बोलायला फटकळ. अण्णांना पट्टा बांधून उभं करताना ती एकदम थांबली. "अण्णा, जेवताय ना नीट? एकदम हलके लागताय."

"सून उपाशी ठेवती," अण्णा म्हणाले.

"खोटं. वहिनींचंच वजन वाढलंय." मग बाहेर आल्यावर ती प्राचीला हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, ताकद येतीय हे खरं. पण मी एका हातानं उचललं त्यांना. असं व्हायला नको."

त्या दुपारी अतिशय कराडला लाकूड बघायला गेला होता. थर त्यानं सकाळीच धरून ठेवला होता. प्राची शेडमध्ये गेली. तिनं बल्ब काढला, डालगं बाजूला ठेवलं आणि आत न बघता दोन्ही हातांनी रेती खालवर केली. हातांना काहीच लागलं नाही. नुसती गार रेती.

ती सोप्यावर आली तेव्हा अण्णांची मान डाव्या खांद्यावर पडलेली होती.

डोळे उघडे होते. श्वास वरच्या वर चालला होता, दोन श्वासांमध्ये फार अंतर होतं. ओठांच्या कडा निळ्या पडत होत्या. तिनं ओरडून याकूबला रुग्णवाहिकेला फोन करायला सांगितलं. अण्णांचा उजवा हात धरला. करंगळी सरळ झाल्यासारखी वाटली.

मग तिनं जे केलं ते तिच्या शिक्षणात बसणारं नव्हतं. ती पळत शेडमध्ये गेली. रेती सारखी केली, चाळणी घेऊन थर धरला. याकूबसारखा जमला नाही, पण धरला. डालगं घातलं. बल्ब सोडला. आपण कुणाचं घालतोय, हे तिला या वेळी पक्कं ठाऊक होतं.

रुग्णवाहिका आली तेव्हा अण्णा पाणी मागत होते. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक म्हणाले, आणि उगाच घाबरल्याबद्दल प्राचीला जरा बोललेही.

"कुठं गेली होतीस गं मला सोडून?" माणसं पांगल्यावर अण्णांनी विचारलं.

"इथंच होते, अण्णा."

"मधेच वीज गेल्यागत झालं बघ."

त्यानंतर थर धरायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. अतिशयला वाटलं, बायकोला पटलं. पटलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या हाताचा भरवसा तिला वाटेना.

शेवटच्या ठशात नुसता तळवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा सोप्याच्या खांबाला धरून उभे होते. बैठक मागे रिकामी. गल्ली लोटली. मिस्बाहनं व्हिडिओ काढला आणि मग मोबाइल खिशात टाकून रडली. अतिशयनं वडिलांना धरलं नाही, नुसता समोर उभा राहून बघत राहिला, जसा तो नवं काम उभं राहिलं की बघायचा. अण्णा एक पाऊल टाकून म्हणाले, "आता तुझं दुकान बंद पडतंय बघ, गड्या."

संध्याकाळी लालासाहेबांचा फोन आला. "म्याडम, ती आईची बैठक मोडून द्या म्हणलो हुतो, ते नको आता. आई रोज तिथं पाण्याचा तांब्या ठेवायची, कुणाला बसू देत न्हवती. आज सोताच बसली. म्हणती, आता ढकलत न्हाई. उठून गेलंय."

"कोण?" प्राचीनं विचारलं.

"मी इचारलं न्हाई," लालासाहेब म्हणाले.

अण्णा चालू लागले. देवळात गेले, बाजारात जाऊन दोन जुन्या भागीदारांशी भांडून आले. घर हसतं झालं. प्राचीही हसायची. फक्त तिच्या नजरेला नोंदी ठेवायची खोड होती आणि ती खोड जाईना.

सोप्याच्या पायरीची एक फरशी सैल होती. कुणाचाही पाय पडला की खड् करून वाजायची. मांजर उडी मारून उतरलं तरी वाजायची. अण्णा दिवसातून कितीदा तरी तिच्यावरून यायचे-जायचे. ती वाजायची नाही.

सकाळी ते उठून गेले की त्यांच्या गादीवरच्या चादरीला चुणी नसायची.

याबद्दल ती कुणाशी बोलली नाही. अतिशय उठायच्या आत ती अण्णांच्या खोलीत जायची आणि हातानं चादर चुरगळून ठेवायची. उशीला मधोमध कोपरानं खड्डा पाडायची. अतिशय खूश होता, अण्णा खूश होते. एक चादर चुरगळून हे जमत असेल तर तिला महाग वाटत नव्हतं.

मग ते मासिकवाले परत यायचे ठरले. ज्यांच्या न उठण्यातून पहिली बैठक झाली, त्यांची उठल्यानंतरची बैठक घ्यायची, अशी अतिशयची कल्पना. फोटोग्राफर पुण्याहून निघाला होता, अतिशय त्याला वाट दाखवायला नाक्यावर गेला. याकूबनं थर धरला आणि दुपारच्या नमाजाला गेला. शेडमध्ये प्राची एकटी होती.

अण्णा आले. खांद्यावर पंचा, धोतराचा सोगा हातात.

"आधी एकदा बसून बघतो," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर चुकायला नको."

"अण्णा, थर मोडेल. ते आले की बसा."

"मोडतोय का बघू की."

ते पेटीत बसले. घरी बसतात तसे, आरामात. उजवा तळवा बाजूला टेकला, जरा रेलले, आढ्याकडे बघितलं. मग उठले आणि मागे वळून बघू लागले. प्राचीही बघत होती.

थर होता तसा होता. चाळणीच्या बारीक टिंबांची नक्षीसुद्धा मोडली नव्हती.

अण्णांनी बराच वेळ बघितलं. बाजारात कुणी नमुन्याचा बेदाणा तळहातावर ठेवला की बघायचे, तसं.

"वजन भरंना," ते म्हणाले.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. फाटक उघडल्याचा आवाज. अतिशय कुणाला तरी मोठ्यानं सांगत होता, "या, या, अण्णा आत आहेत."

प्राचीनं विचार केला नाही. चादर चुरगळताना तरी कुठे करायची? ती पेटीत बसली. भुकटी गार होती आणि अपेक्षेपेक्षा मऊ. तिनं अण्णांसारखा भार दिला, उजवा तळवा दाबला आणि करंगळी आत वळवली. उठून पांढऱ्या झालेल्या मागच्या बाजूवर ओढणी ओढून घेतली.

अण्णा तिच्याकडे बघत होते. अडवलं नाही त्यांनी. 

"अरे, बसले पण?" अतिशय आत येत म्हणाला. "थांबायचं तरी, अण्णा." मग तो पेटीवर वाकला. बोट न लावता तो कडेकडेनं बघत गेला. करंगळीपाशी थांबला. "सुंदर," तो म्हणाला. "एकदम तरुण बैठक आहे."

फोटो निघाले. फोटोग्राफरनं त्या उजेडाच्या रेघांबद्दल ऐकलं होतं. ते डालगं घालून दाखवाल का, म्हणाला. याकूब नव्हता. अण्णा पुढे झाले. त्यांनी डाव्या हातानं डालगं उचललं, एकट्या डाव्या हातानं, आणि पेटीवर पालथं घातलं. बल्ब सोडला. बटण दाबलं.

रेघा पडल्या. प्राचीच्या कपड्यांवर, हातांवर.

अण्णा तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी दोघांच्या हातांवर टाकला. पंचाखाली त्यांची बोटं आली, सरळ करंगळीची, डावी. गरम होती. त्यांनी मूठ दाबली.

"चला, चहा घेऊ," अतिशय म्हणाला.

मंडळी सोप्याकडे निघाली. पुढे फोटोग्राफर, मागे अतिशय, त्याच्या मागे अण्णा. पायरीवर अण्णांचा पाय पडला आणि फरशी खड् करून वाजली.

"ती फरशी बसवून घ्यायला पाहिजे एकदा," अतिशय मागे न बघता म्हणाला.

त्याच फरशीवर पाय देऊन प्राची वर आली. फरशी वाजली नाही.